चंद्रावर नाव दिलं, पण पत्ता कोण ठरवणार?

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

एक साधा प्रश्न. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं विक्रम लँडर चंद्रावर नेमकं कुठे उतरलं?

दहातले नऊ जण सांगतील, "दक्षिण ध्रुवावर." टीव्हीवर तेच सांगितलं, शाळेतल्या भाषणांतही तेच आलं. प्रत्यक्षात विक्रम उतरलं साधारण ६९.३७ अंश दक्षिण अक्षांश आणि ३२.३२ अंश पूर्व रेखांशावर. चंद्रावरचा अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. ध्रुव ९० अंशांवर. करा हिशोब. विक्रम ध्रुवापासून सहाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, म्हणजे मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेत जेवढं अंतर, साधारण तेवढं. त्याआधी ध्रुवाच्या इतक्या जवळ कुणी अलगद उतरलं नव्हतं, हे शंभर टक्के खरं आणि अभिमानाचं. पण "ध्रुवाकडचा प्रदेश" आणि "ध्रुव" यांत फरक असतो.

मला आज भांडायचंय ते मात्र या चुकीवरून नाही. ६९.३७ हा आकडा बरोबरच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे: हा आकडा मोजला कुठून? शून्य कुणी ठरवला? आणि उद्या दुसऱ्या देशाचं यान याच आकड्यावर उतरायला निघालं, तर ते आपल्या विक्रमपाशीच येईल याची खात्री काय?

हा प्रश्न मला सुचतो कारण माझं आयुष्य मोजणीत गेलं. मी सिव्हिलवाला. रस्ते, कालवे, पाइपलाइनी, यांच्या सर्व्हेत पंचवीसेक वर्षं काढली. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात: आकडा सांगण्याआधी बेंचमार्क सांग. "इथली लेव्हल ५६२.४०" या वाक्याला काही अर्थ नाही. कुठल्या बेंचमार्कवरून, ते सांगितलं की अर्थ येतो. एका कालव्याच्या कामावर दोन ठेकेदार दोन टोकांनी खोदत आले. दोघांची मोजणी चोख, दोघांची वही स्वच्छ. मध्ये भेटले तेव्हा तळात चाळीस सेंटिमीटरचा फरक निघाला. कारण एवढंच की दोघांनी वेगवेगळ्या बेंचमार्कवरून लेव्हल आणली होती. पाणी काही वह्या वाचत नाही. ते तिथंच तुंबलं. तोडफोड करून काँक्रीट पुन्हा ओतावं लागलं.

आता हेच चंद्रावर होऊ घातलंय. तिथे काँक्रीट पुन्हा ओतता येत नाही.

आधी पृथ्वीचं बघू

आपल्याला वाटतं, अक्षांश-रेखांश म्हणजे निसर्गानं आखून दिलेल्या रेषा. तसं नाही. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यातून मिळतं, पण शून्य रेखांश माणसांनी टेबलाभोवती बसून ठरवला. १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रिनिचवर शिक्कामोर्तब झालं. हिंदुस्थानातल्या माणसांना त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. पुढे १९०६ पासून सरकारनं देशाला एक प्रमाणवेळ लावली, तेव्हा मुंबईकर चिडले. आपली मुंबई वेळ त्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. लोकांनी निषेध केले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरात कुठे ना कुठे मुंबई वेळेची घड्याळं चालूच राहिली. घड्याळ आणि नकाशा हे वरवर तांत्रिक विषय. पण ते ठरवताना आपण खोलीत होतो की नाही, हा राजकीय प्रश्न असतो. आपल्या आजोबा-पणजोबांना हे कळत होतं.

नकाशाचंही तसंच. १८०२ साली विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ पहिली आधाररेषा साखळीनं मोजली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण जोडत देश मोजायला घेतला. हा लॅम्बटन १८२३ साली कुठे वारला माहितीय? आपल्या हिंगणघाटला. मोजणी चालू असतानाच. त्याची कबरही तिथेच. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं पृथ्वीच्या आकाराचं जे गणित बसवलं, त्यावर आपले जुने टोपोशीट नकाशे बनले. आज तुमच्या मोबाइलमधलं जीपीएस वेगळं गणित वापरतं, त्याचं नाव डब्ल्यूजीएस ८४. मुंबईच्या परिसरात या दोन गणितांमधला फरक शंभर मीटरच्या वर जातो. म्हणजे जुन्या टोपोशीटवरून उचललेले अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकले, तर तुम्ही मंदिरात जाण्याऐवजी मागच्या ओढ्यात उभे असाल. आकडा बरोबर, नकाशा बरोबर, मोबाइलही बरोबर. चौकट वेगळी.

गावाकडच्या लोकांना हे समजावून सांगायला लागत नाही. बांधावरचा हद्दीचा दगड एका रात्रीत दोन हात सरकला की काय होतं, ते कोर्टाच्या तारखांना विचारा.

आता चंद्र

चंद्रावर समुद्र नाही. मग उंची कशावरून मोजायची? सगळ्यांनी मिळून मान्य केलंय की १७३७.४ किलोमीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोल धरायचा आणि त्याच्या वर किती, खाली किती ते सांगायचं. प्रत्यक्ष चंद्र मात्र भलताच ओबडधोबड. सगळ्यात उंच जागा या गोलाच्या वर साडेदहा किलोमीटरहून जास्त, सगळ्यात खोल जागा त्याच्या खाली नऊ किलोमीटरहून जास्त.

शून्य रेखांश कुठे? चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, म्हणून पृथ्वीकडे तोंड करणारी जी सरासरी दिशा, तिथे शून्य. सरासरी म्हणायचं कारण चंद्र किंचित डुलतो. त्यामुळेच आपल्याला अर्ध्याऐवजी एकूण ५९ टक्के चंद्र आलटून पालटून दिसतो.

इथपर्यंत ठीक. पण चंद्राची एक दुसरीही चौकट आहे. चंद्राचं वजन आत सारखं पसरलेलं नाही, कुठे जड, कुठे हलकं. या वजनाच्या वाटणीप्रमाणे त्याचे जे नैसर्गिक अक्ष येतात, त्यांवर बसवलेली ती ‘मुख्य अक्ष’ चौकट. यान कसं ओढलं जाईल, कक्षा कशी वळेल, हे गणित करणाऱ्यांना ती सोयीची. नकाशा काढणारे मात्र ‘सरासरी पृथ्वी-दिशा’ चौकट वापरतात.

या दोन चौकटींत जमिनीवर फरक किती पडतो? जागेप्रमाणे कमीजास्त, पण साडेआठशे मीटरच्या आसपासही जातो. ध्रुवावर साडेसहाशेच्या घरात.

परत वाचा. दोन्ही चौकटी बरोबर, दोन्ही शास्त्रज्ञांच्या मान्यतेच्या, दोन्ही रोज वापरात. पण एकातला आकडा दुसरीत टाकला तर अर्धा-पाऊण किलोमीटर चूक. माझ्या कालव्याचा किस्सा आठवा. तिथे चाळीस सेंटिमीटर होते.

"मोकळ्या माळावर अर्ध्या किलोमीटरनं काय बिघडतं?" असं कुणी म्हणेल. विषुववृत्ताजवळच्या सपाट पठारावर फारसं बिघडत नाहीही. पण आज सगळ्यांना जायचंय दक्षिण ध्रुवाकडे, कारण तिथल्या विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोचत नाही आणि तिथे बर्फाच्या रूपात पाणी आहे. आणि त्याच विवरांच्या काठावर काही मोजक्या उंच कडा अशा आहेत, जिथे वर्षाचा बहुतेक काळ ऊन असतं. ऊन म्हणजे सौरऊर्जा, म्हणजे यान जिवंत. या उजेडाच्या जागा किती मोठ्या? काही काही तर जेमतेम काहीशे मीटर रुंद. तिथे साडेसहाशे मीटरची चूक म्हणजे उजेडातल्या कड्याऐवजी कायमच्या काळोखात. त्या काळोखातलं तापमान शून्याखाली दोनशे अंशांच्याही खाली जातं.

शिवाय ध्रुवावर रेखांश सगळे एका बिंदूत येऊन मिळतात. "पूर्वेला शंभर मीटर सरक" या वाक्याचा अर्थ तिथे पावलागणिक बदलतो. म्हणून ध्रुवासाठी वेगळी जाळी आखावी लागते, आणि ती सगळ्यांची एकच असावी लागते.

दिशांचा घोळ याआधीही झालाय

चंद्राच्या पश्चिम कडेला एक मोठं खोरं आहे. त्याचं नाव मारे ओरिएंटाले, म्हणजे ‘पूर्वेचा समुद्र’. पश्चिमेला असून नाव पूर्वेचं! झालं असं की पूर्वीचे खगोलशास्त्रज्ञ आपल्या आकाशातली दिशा धरून पूर्व-पश्चिम ठरवायचे. मग माणूस चंद्रावर उभा राहणार असं दिसायला लागलं, तेव्हा १९६१ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं दिशा उलटवल्या, कारण चंद्रावर उभ्या माणसाला सूर्य पूर्वेला उगवायला हवा. नाव तेवढं जुनंच राहिलं.

हा गमतीचा भाग. पण बघा, तो घोळ निस्तरला माणूस उतरायच्या आठ वर्षं आधी. गर्दी व्हायच्या आधी नियम ठरवला तर काम स्वस्तात होतं. गर्दी झाल्यावर त्याच कामाची भांडणं होतात.

चूक होते तेव्हा काय होतं, याचेही नमुने आहेत. अपोलो ११ ठरलेल्या जागेपेक्षा सहा-सात किलोमीटर पुढे उतरलं. वर फिरणारा मायकल कोलिन्स प्रत्येक फेरीत खाली बघत आपल्या साथीदारांचं यान शोधत होता. त्याला ते शेवटपर्यंत दिसलं नाही. चार महिन्यांनी अपोलो १२ मात्र आधी जाऊन बसलेल्या सर्व्हेयर ३ पासून दोनशे मीटरच्या आत उतरलं. मधल्या काळात चंद्र बदलला नव्हता, हिशोब सुधारला होता.

अलीकडचं घ्या. एप्रिल २०२३ मध्ये जपानच्या एका खासगी कंपनीचं हाकुतो-आर लँडर विवराच्या कड्यावरून पुढे सरकलं आणि खालची जमीन एकदम तीन किलोमीटर खोल गेली. उंची मोजणारं यंत्र खरं तेच सांगत होतं, पण सॉफ्टवेअरला वाटलं यंत्र बिघडलं. उतरायची जागा नंतर बदलली होती, आणि तिथला कडा चाचण्यांत पुरेसा धरला गेला नव्हता. लँडर समजत होतं आपण जमिनीवर आलोय. प्रत्यक्षात ते पाच किलोमीटर वर होतं. इंधन संपलं आणि कोसळलं. ही चूक दोन चौकटींच्या गोंधळाची नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पण "मी कुठे आहे" या प्रश्नाचं उत्तर चुकलं की चांगल्या यंत्राचाही उपयोग होत नाही, हे यातून दिसतं. उलट बाजूनं, जानेवारी २०२४ मध्ये जपानचंच स्लिम यान विवरांचे फोटो नकाशाशी ताडत ठरलेल्या जागेपासून शंभर मीटरच्या आत पोचलं. नकाशा चोख असला तर एवढं जमतं.

खुंट्या कुणी ठोकल्या?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. चौकट कागदावर ठरते, पण जमिनीवर तिला खुंट्या लागतात. आमच्या सर्व्हेत दगड, चंद्रावर लेझर परावर्तक. हा परावर्तक म्हणजे काचेच्या कोपऱ्यांचा आरसा. कुठूनही प्रकाश टाका, आला त्याच दिशेनं परत पाठवतो. किरण जाऊन यायला लागलेला वेळ मोजला की अंतर मिळतं. या खुंट्यांमुळेच आपल्याला कळलं की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरनं आपल्यापासून लांब चाललाय.

१९६९ ते १९७३ या काळात अशा पाच खुंट्या बसल्या: तीन अमेरिकेच्या अपोलो ११, १४ आणि १५ च्या, दोन सोव्हिएत लुनोखोद गाड्यांवरच्या. यातल्या लुनोखोद १ चा नेमका पत्ता हरवला आणि जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला तिच्याकडून किरण परत मिळेना. २०१० मध्ये अमेरिकेच्या एलआरओ यानाच्या फोटोंत ती दिसली, मग न्यू मेक्सिकोतल्या वेधशाळेनं लेझर मारला आणि उत्तर आलं. वस्तू जागच्या जागी होती. फक्त पत्ता नीट नोंदवलेला नव्हता.

आता या पाचांची जागा बघा. सगळ्या पृथ्वीकडच्या बाजूला. सगळ्यात दक्षिणेकडची अपोलो १४ ची, तीसुद्धा विषुववृत्तापासून जेमतेम चार अंश खाली. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट या खासगी लँडरनं एक नवी नेली, ती पुन्हा उत्तर गोलार्धात. म्हणजे जिथे सगळी दुनिया धावतेय त्या दक्षिण टोकाला, पृथ्वीवरून थेट मोजता येईल अशी यातली एकही खुंटी नाही.

आणि इथे आपण येतो, मंडळी. विक्रमवर एक छोटासा परावर्तक आहे. नासाचा. पाच सेंटिमीटर रुंद घुमटावर आठ काचा, वजन सुमारे वीस ग्रॅम. १२ डिसेंबर २०२३ ला एलआरओनं शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर टाकला आणि किरण परत आला. पृथ्वीवरून मोजण्याइतका तो मोठा नाही, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांसाठी तो दशकानुदशकं टिकणारा संदर्भबिंदू आहे. विक्रम आणि प्रज्ञान केव्हाच झोपले, तो अजून कामावर आहे. विजेची गरजच नाही त्याला.

त्या जागेला आपण ‘शिवशक्ती’ नाव दिलं. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं ते मान्यही केलं. नावावरून आपल्याकडे किती चर्चा झाली! बाजूनं आणि विरोधात, दोन्हीकडून. त्या वीस ग्रॅमच्या आरशावर मात्र एकही पॅनेल चर्चा मला दिसली नाही. दोनशे वर्षांनी चंद्राच्या नकाशात त्या जागेचं महत्त्व टिकलं, तर नावाइतकंच ते आरशामुळेही टिकेल.

आता का?

कारण नियम आत्ता लिहिले जातायत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केप टाउनला आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या महासभेनं चंद्रासाठी प्रमाण संदर्भ प्रणाली आणि चंद्राची स्वतःची प्रमाणवेळ यांचे ठराव केले. त्याआधी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयानं नासाला २०२६ अखेरपर्यंत चंद्राच्या वेळेची व्यवस्था आखायला सांगितलं. वेळेचा काय संबंध? चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथलं घड्याळ पृथ्वीच्या मानानं रोज सुमारे ५६ मायक्रोसेकंद पुढे जातं. क्षुल्लक वाटतं ना? एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो. म्हणजे एका दिवसाच्या फरकात जवळजवळ १७ किलोमीटर. उपग्रहांवरून जागा ठरवायची तर आधी घड्याळं जुळली पाहिजेत. मुंबई वेळेचं भांडण ३९ मिनिटांचं होतं, हे दिवसाला ५६ मायक्रोसेकंदांचं आहे. मुद्दा तोच: घड्याळ कुणाचं?

युरोपनं ‘मूनलाइट’ नावानं चंद्राभोवती दिशादर्शक उपग्रहांची योजना हाती घेतलीय. चीननं आपले संदेशवाहक उपग्रह तिथे नेऊन ठेवलेत आणि त्याचा स्वतंत्र तळाचा कार्यक्रम आहे. मार्च २०२५ मध्ये तर जीपीएस आणि युरोपच्या गॅलिलिओचे सिग्नल चंद्राच्या जमिनीवरही पकडून झाले.

आणि आपण? २१ जून २०२३ ला भारतानं आर्टेमिस करारावर सही केली. त्यात ‘सुरक्षा क्षेत्र’ नावाची तरतूद आहे. म्हणजे एखादा देश म्हणू शकतो, माझं काम इथे चालू आहे, याच्या आसपास येण्याआधी मला विचारा. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्राचा तुकडाही कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. मालकी नाही, पण "आसपास येऊ नका" आहे. आणि ‘आसपास’ कुठून कुठपर्यंत, हे सांगणार कोण? अक्षांश-रेखांश. कुठल्या चौकटीतले? ज्याच्या खुंट्या, त्याच्या चौकटीतले.

उद्या आपलं यान आणि दुसऱ्या कुणाचं यान एकाच उजेडाच्या कड्यावर उतरलं आणि वाद झाला, तर मोजणी कुणाच्या नकाशावर होणार? गावातल्या वादात दोन्ही पक्ष निदान सरकारी मोजणी मागवतात. चंद्रावर भूमी अभिलेख कार्यालय नाही. जो आधी मोजेल, नोंद करेल आणि नोंद उघडी ठेवेल, त्याचाच उतारा चालणार.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्या घरातूनच येतो: "आपल्या रस्त्यावरचे खड्डे मोजा आधी." मोजूच. खड्ड्यांवर मी या भिंतीवर किती लिहितो ते तुम्ही बघताच. पण मी इथे नवीन हजार कोटी मागत नाहीये. यानं जाणारच आहेत. चांद्रयान-४ ला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालीय, जपानबरोबरची ध्रुवाकडची मोहीम ठरलीय. जाणाऱ्या गाडीत वीस ग्रॅमचा आरसा ठेवा, एवढंच मागणं आहे.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा आहे: "अमेरिका करतेय ना, आपण तेच वापरू. जीपीएस नाही का वापरत?" वापरतो. आणि नासानं चंद्राचा डेटा जगाला मोकळा दिला, त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. एलआरओ २००९ पासून फिरतंय आणि आज सगळं जग त्याच्याच मोजणीवर उभं आहे. पण एका म्हाताऱ्या यानावर सगळ्या जगाची जाळी टांगलेली असणं, हे कुठल्याही सर्व्हेवाल्याला झोप लागू न देणारं आहे. आम्ही एका बेंचमार्कवर कधीच विसंबत नाही. दुसऱ्यावर जाऊन ताळा करतो. तो दुसरा बेंचमार्क देण्याची ताकद आज मोजक्या देशांत आहे, आणि त्यांत आपण आहोत. चांद्रयान-२ वरचा कॅमेरा शंभर किलोमीटरवरून पाव मीटरची बारकाई टिपतो. त्यानं अपोलोच्या जागांचेही फोटो काढलेत. साधनं आहेत.

शिवाय जग दोन गटांत वाटलं जातंय. चीन आर्टेमिसमध्ये नाही. उद्या चंद्राचे दोन नकाशे झाले, दोन वेळा झाल्या, तर मदतीच्या हाकेला धावून जाणारा चुकीच्या विवरात पोचेल. दोन्ही बाजूंना चालेल असा ताळा देणारा तिसरा हात लागणार आहे. तो आपला का नसावा?

माझं म्हणणं थोडक्यात

एक. यापुढे चंद्रावर उतरणाऱ्या प्रत्येक भारतीय यानावर आपल्या बनावटीचा लेझर परावर्तक असावा, आणि निदान एक तरी पृथ्वीवरून मोजता येईल एवढा मोठा.

दोन. जाहीर होणाऱ्या प्रत्येक आकड्याबरोबर चौकटीचं नाव आणि चुकीची मर्यादा लिहिलेली असावी. ६९.३७ एवढंच लिहिलं, तर तो शेवटचा आकडा एकनं बदलला की ३०० मीटरचा फरक पडतो. प्रेस नोटमध्ये एक ओळ वाढेल, बिघडत काही नाही.

तीन. चांद्रयान-२ च्या फोटोंवरून दक्षिण ध्रुवाच्या संदर्भबिंदूंची एक खुली यादी भारतानं प्रसिद्ध करावी. डेटा इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर खुला आहेच. तो तसा कच्चा ठेवणं आणि पक्की, तपासलेली यादी जगाच्या हाती देणं, यांत उतारा आणि वहीतल्या टिपणांइतका फरक आहे.

चार. वेळ आणि संदर्भ प्रणालीच्या आंतरराष्ट्रीय बैठकांत आपली माणसं कायम बसलेली असावीत. सही करायला मंत्री आणि दूत जातात. आकडे ठरतात ते नंतरच्या कंटाळवाण्या बैठकांत. तिथे सर्व्हे ऑफ इंडियाचे, इस्रोचे, विद्यापीठांतले भूगणिताचे लोक पाहिजेत, आणि दर वेळी तीच पाहिजेत.

पाच. आणि हे आपलं, तुमचं-माझं काम: शाळेत मुलांना "ध्रुवावर उतरलो" न सांगता ६९ अंश सांगा. नकाशावर बोट ठेवून दाखवा. अभिमान अजिबात कमी होत नाही. मी परवा भाचीला दाखवलं, तर तिचा पुढचा प्रश्न होता, "मामा, मग उरलेले एकवीस अंश कधी?" हा प्रश्न "ध्रुवावर उतरलो" असं सांगितलेल्या मुलाला पडूच शकत नाही.

१८८४ ला आपण खोलीबाहेर होतो, कारण आपण गुलाम होतो. आता तसं काही कारण नाही. या वेळी खोलीत असूनही आपण नुसत्या टाळ्या वाजवून उठलो, तर दोष दुसऱ्या कुणाचा नसेल.

पटलं तर पुढे पाठवा, विशेषतः तुमच्या ओळखीच्या शिक्षकांना. नाही पटलं तर खाली लिहा, मी उत्तर देतो. फक्त आकडा टाकाल तेव्हा बेंचमार्क सांगा.